लांबची लेन्स, मागचं पाणी

आमचे हे नर्मदेच्या ग्वारीघाटावर फोटो काढतात. लग्नाचेही काढतात, पण लग्नं काही बारा महिने नसतात, घाट बारा महिने असतो. कुणाचं मुंडन असतं, कुणाची सत्यनारायणाची कथा असते, कुणी नवी सून घेऊन नर्मदाजीला चुनरी चढवायला येतं, अन् सगळ्यांना फोटो पाहिजे असतो. घाटावर सगळे लोक नदीकडे तोंड करून बसतात, पूजा तिकडेच करायची असते ना. मग फोटो काढणारा कुठं उभा राहणार, लोकांच्या अन् नदीच्या मधी. तोंड लोकांकडे, पाठ पाण्याकडे. लग्न होऊन मूल झालं तरी ही गोष्ट कधी माझ्या डोक्यात आली नव्हती. मला वाटायचं फोटोचं काम म्हणजे पंख्याखालचं काम, नीटनेटकं, कपडे न मळणारं.

मग एक दिवस हे छातीपर्यंत ओले होऊन घरी आले.

दारातच उभे राहिले, आत येऊन फरशी ओली होईल म्हणून. गळ्यात कॅमेरा अन् चेहऱ्यावर हसू. सासूबाई म्हणाल्या, "हे काय रे, कुठं पडला?"

"पडलो नाही, सरकलो. पायरीवर काई होती, शेवाळ. एका नाववाल्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं धरलं मला, बकरीला धरतात तसं."

बाबा, म्हणजे माझे सासरे, हसले. हेही हसले. मी नाही हसले. मी पोराला कडेवर घेऊन उभी होते अन् यांच्या गळ्याकडे बघून राहिले होते, तिथं पट्ट्याचा लाल वळ उठला होता, इकडच्या कानापासून तिकडच्या कानापर्यंत. यांना पोहता येत नाही. बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात राहणारी बाकीची पोरं तलावात शिकली, यांना सासूबाईंनी कधी जाऊच दिलं नाही, बुडेल म्हणून. अन् आता हाच माणूस रोज पाठमोरा पाण्यात उभा राहतो.

त्या दिवसापासून मला चैनच पडेना. पोराला आंघोळ घालताना डोक्यावर तांब्या ओतला की तो श्वास अडकवायचा, एवढासा, सगळी लेकरं अडकवतात तसा, अन् मी तांब्या तसाच खाली ठेवायची. हे घाटावर गेले की मी फोन करायची. उचलायचे नाहीत. मग भांडी घासता घासता मी काय काय बघायची, यांची चप्पल पायरीवर पडलेली, टोपी वाहून चाललेली. यांच्याजवळ टोपीच नाही तरी मला टोपी दिसायची. फोन आला की मी विचारायची, "काहून नाही उचलला?" हे म्हणायचे, "अगं दोन्ही हात कॅमेऱ्याला असतात, नाकानं उचलू का?"

कॅमेरा वाचला होता पण त्याच्यावरच्या लेन्समधी पाणी गेलं होतं. आतून धुकं बसलं, जसं थंडीत खिडकीच्या काचेवर बसतं, पण हे पुसता येणारं नव्हतं. दुरुस्तीवाला म्हणाला, फेंकिए. म्हणजे नवीन लेन्स घेणं आलं, अन् घेता येणार होती एकच. त्यातच आमच्या पोराचं जावळ ठरलं होतं, घाटावरच, माझा भाऊ वहिनी सिहोऱ्याहून येणार होते.

यांनी ठरवून टाकलं होतं, रुंदवाली घ्यायची, तिला वाइड म्हणतात. मी विचारलं, दुसऱ्या कशा असतात. म्हणाले एक लांबचं ओढणारी असते, दूरचा माणूस जवळ दिसतो. मी म्हटलं दूरचा म्हणजे किती दूरचा. म्हणाले लय दूरचा. बस, तिथूनच माझ्या डोक्यात बसलं. जितकं दूरून दिसेल तितकं यांना पाण्यापासून दूर राहता येईल. हे वर देवळाच्या ओट्यावर बसतील, पिंपळाच्या सावलीत, अन् तिथूनच खालच्या लोकांना ओढून घेतील.

मी जेवताना बोलले तर बाबा माझ्याच बाजूनं झाले. त्यांची सगळी नोकरी तोफांच्या कारखान्यात गेली आहे. ते म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलून राहिली. लांबचा मार असेल तर जवळ जायचंच काहून? आमची तोफ कधी गावात जाऊन उडवली का आम्ही?"

हे म्हणाले, "बाबा, मी फोटो काढून राहिलो, किल्ला नाही पाडून राहिलो."

सासूबाई म्हणाल्या, "घ्या. आता लेन्सचं दुकानही हीच चालवणार."

मी म्हटलं मी येते दुकानात. पोराला घेऊन येते. मी कधी अशी बोलत नाही म्हणून हे नुसतं माझ्याकडे बघून राहिले, मग म्हणाले, चलो.

दुकान बाजारातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात लेन्सा मांडलेल्या, मिठाईच्या दुकानात बर्फी असते तशा. दुकानदार आमच्या यांना ओळखत होता. तो म्हणाला, "आइए भैया. आज भाभी जी भी? मतलब आज माल पक्का बिकेगा."

यांनी रुंदवाली मागितली, कॅमेऱ्यावर लावली अन् माझ्याजवळ दिली, बघ म्हणाले. मी डोळा लावला. दुकानदार माझ्या समोरच उभा होता, पण त्या लेन्समधून तो एकदम पार तिकडे गेला, लहानसा झाला, जसा रस्त्याच्या पलीकडे उभा आहे. मला खरंच वाटेना म्हणून मी डोळा न काढता हात पुढं केला, तर हात लगेच त्याच्या पोटाला लागला.

"भाभी जी, पेट असली है," तो म्हणाला.

हे हसायला लागले. मला मात्र घाम फुटला. ही लेन्स खोटं बोलते, जवळचं दूर दाखवते. पाणी एका पावलावर असेल अन् यांना वाटेल अजून लय जागा आहे. मी कॅमेरा परत दिला, जसा गरम तवा देतात तसा, अन् म्हटलं दुसरी दाखवा, लांबवाली.

ती चांगली वीतभर होती अन् तिच्या कड्यावर आकडे. मी नववीपर्यंत गेलेय शाळेत, आकडे वाचता येतात मला, पण ते कशाचे हे कोण सांगणार. रुंदवालीवर लहान आकडे होते, हिच्यावर मोठे. मी खिडकीतून खाली बघितलं, रस्त्यापलीकडे जलेबीवाला होता, तो असा अंगावर आला की मी मान मागं घेतली. त्याच्या बोटावर भाजल्याचा डाग होता तोही दिसला. इतक्या दूरून. मला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मी दुकानदाराला विचारलं, "घाट पे दूर से दिखेगा?"

"भाभी जी, इस पार बैठ के उस पार का पंडित देख लो."

मी म्हटलं हीच घ्यायची.

यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "अगं सुन ना. ही लग्नात स्टेजसाठी ठीक आहे. घाटावर खानदानच्या खानदान येतं, याच्यात लोक मावायचे नाहीत."

"मग थोडे थोडे काढा."

"थोडे थोडे? आधी सासू काढू, मग तिची पोरं, मग उरलेलं खानदान?"

"मला माहीत नाही. मला तुम्ही पाण्यात नको."

अन् मग मला रडूच आलं, दुकानात, सगळ्यांसमोर, पोरगं माझ्याकडे बघून तेही सुरू झालं. दुकानदार कपाटाची काच पुसायला लागला, ती स्वच्छच होती. हे एकदा माझ्याकडे बघून राहिले, एकदा रुंदवालीकडे. मग म्हणाले, "लंबा वाला पॅक कर दो."

दुकानदार म्हणाला, "ठीक है भैया. डिब्बा सँभाल के रखना. बदलना पड़े तो डिब्बा लगेगा."

स्कूटरवर मी पोराला मधी घेतलं अन् त्याच्या पाठीशी तो डबा धरला. मला वाटून राहिलं होतं की मी यांचा जीव घेऊन चाललेय घरी, कागदात बांधून.

त्याच आठवड्यात जावळ होतं. सकाळी ऊन कोवळं होतं, पाणी नुकतंच पावसाचं उतरलं होतं अन् खालच्या पायऱ्या अजून हिरव्यागार होत्या. आम्ही पाण्याच्या जरा वर बसलो. दोन्ही बाजूला दुसऱ्यांची मुंडनं चाललेली, फुलांच्या टोपल्या, दिवे ठेवलेले पानांचे दोने, लाउडस्पीकर, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. रीत अशी की पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं. माझा भाऊ नवा कुर्ता घालून तयार होता, पण पोरानं त्याच्या मांडीवर बसताच असा आकांत केला की कुर्त्याचं बटन तोडलं. न्हावी म्हणाला, "माँ को बिठाओ. माँ का हाथ पहचानता है."

मग मी बसले. पोर माझ्या मांडीवर, माझे दोन्ही हात त्याच्या डोक्याला. न्हाव्यानं केस भिजवले, वस्तरा काढला अन् म्हणाला, "अब हिलने मत देना दीदी. बोलना भी तो धीरे."

पहिले केस माझ्या पदरात पडले. मऊ होते, ओले. मी मान वर केली, हे कुठं आहेत बघायला. देवळाच्या ओट्याकडे बघायला गेले, कारण मला तर हे तिथंच बसलेले दिसायचे, लेन्स आणली तेव्हापासून. पण ओटा आमच्या पाठीमागं होता. तिथून काय दिसणार, आमच्या पाठी अन् आमचे अंबाडे.

हे माझ्या समोर होते. माझ्या अन् पाण्याच्या मधी.

डोळ्याला कॅमेरा लावला, खाली घेतला, मान हलवली. एक पायरी मागं उतरले. परत लावला. परत मान हलवली. हातानं खूण केली, थांबा, अजून जरा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. पाणी घोट्याला लागलं. मागं बघितलंच नाही, पायानंच चाचपून राहिले होते, एक पाय मागं, अंगठा टेकवला, मग टाच, मग दुसरा पाय. गुडघे बुडाले. पुन्हा डोळ्याला कॅमेरा. पुन्हा मान हलली.

माझ्या तोंडाशी ओरडणं आलं होतं. पण वस्तरा पोराच्या कानामागं होता. तिथली कातडी अशी पातळ असते की शीर दिसते, निळी. मी ओरडले असते तर तो दचकला असता. उठणं तर दूर, मला मान जोरात हलवता येईना. दोन्ही हातांत एकाचा जीव अन् डोळ्यांसमोर दुसऱ्याचा.

मग मी त्याच आवाजात बोलायला लागले ज्या आवाजात पोराला समजावतात. "थांबा हो, थांबा, मागं नका जाऊ राजा, थांबा ना." हे हसले. यांना वाटलं मी पोराला गोंजारून राहिले. ऐकू तर काही येतच नसेल, ओठ हलताना दिसत असतील. अन् अजून एक पाऊल मागं. आता शर्टाचं टोक पाण्यावर तरंगून राहिलं होतं.

नाववाले सगळे पलीकडे गेले होते, लोकांना घेऊन. यांना पट्ट्यानं धरायला कुणी नव्हतं.

मला कळेना हे करून काय राहिले. इतकी लांबची लेन्स आहे, मग मागं काहून चालले. अन् तेव्हा मला दुकानातलं ते बोलणं आठवलं, लोक मावायचे नाहीत. म्हणजे हे पाण्याकडे जाऊन नव्हते राहिले. हे आमच्यापासून दूर जाऊन राहिले होते, आम्ही सगळे त्या लेन्समधी मावावं म्हणून. दूरचं जवळ आणणारी लेन्स, तिला आम्ही दूरच पाहिजे होतो. ती मीच रडून घ्यायला लावली होती.

मी डोळे फिरवून बघितलं. आम्ही किती पसरून बसलो होतो. सासूबाई एका टोकाला, चपलांच्या अन् प्रसादाच्या पिशवीजवळ, कुणी उचलून नेईल म्हणून. भाऊ दुसऱ्या टोकाला, तुटलेलं बटन शोधत. वहिनी त्याच्या मागं, नणंद अन् तिचे यजमान त्यांच्याही पलीकडे, बाबा आपले एकटेच एका पायरीवर पाय पसरून.

ही सगळी यांच्याइतकी लांब नव्हती, ऐकू जाईल म्हणून मी त्याच अंगाईच्या आवाजात सुरू केलं. "आई, माझ्या पाठीशी या. अगदी चिकटून या. ताई, तुम्ही दोघंही या. दादा, तूही ये, वहिनीला घेऊन ये. बाबा, खाली बसा ना माझ्या खांद्यापाशी, या ना, या या, माझ्या सोन्या, या."

बाबा म्हणाले, "मला सोन्या म्हणून राहिली काय ही?"

सासूबाई म्हणाल्या, "पिशवी कोण बघेल?"

"आई, पिशवी घेऊन या. मांडीवर घ्या. हळू बोला. लवकर या."

काय माहीत माझ्या तोंडावर काय दिसलं त्यांना. सासूबाई पिशवी घेऊन आल्या अन् माझ्या पाठीला टेकून बसल्या, चपलांची पिशवी माझ्या कमरेत टोचून राहिली होती. बाबा खाली सरकले, त्यांची दाढी माझ्या मानेला लागली. भावानं मागून वाकून सासूबाईंना अन् बाबांना कवेत घेतलं, वहिनी त्याच्या खांद्यावरून, नणंद एका कुशीला, तिचे यजमान तिच्या मागं. सगळा ढीग झाला आमचा, पावसात एका छत्रीखाली उभे राहतात तसा. न्हावी म्हणाला, "अरे, मुझे हाथ तो चलाने दो."

यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी यांच्या मागच्या पायाकडे बघून राहिले होते, पाण्यात तो दिसत नव्हता, पण मांडी कशी हलते यावरून कळत होतं. तो मागं सरकला होता, खाली काही लागून नव्हतं राहिलं, मी बघितलं, यांचं सगळं अंग जरा मागं झुकलं. मग थांबलं. यांनी मान हलवली नाही. मागचा पाय पुढं आला. फोटो काढला. अजून एक काढला. मग एक पायरी वर आले, अन् अजून एक.

न्हावी म्हणाला, "आधा हुआ." अजून अर्धं डोकं राहिलं होतं. मी ते धरून बसले.

सगळं झाल्यावर पोराच्या डोक्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं, सासूबाई पेढे वाटायला गेल्या, तेव्हा मी यांना म्हटलं, "तुमचा शर्ट बघा."

यांनी खाली बघितलं. बेंबीच्याही वर ओला होता. हे म्हणाले, "मला वाटलं गुडघ्यापर्यंतच आहे." मग वळून नदीकडे बघितलं, पहिल्यांदा बघितलं. जिथं उभे होते तिथं एक दोना तरंगत आला, जरा फिरला अन् तिरपा होऊन पुढं निघून गेला. यांनी शर्टाचं टोक पिळलं. नंतर म्हणाले, "त्यातून फक्त तुम्हीच दिसून राहिले होते. बाकी काही नसतंच त्यात."

मी म्हटलं, "डबा ठेवलाय ना?"

"ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्या दुकानात गेलो. मी रुंदवाली मागितली, डोळ्याला लावली अन् हात पुढं केला. दुकानदार म्हणाला, "भाभी जी, पेट वहीं का वहीं है." या वेळी मी हसले थोडी. घरी आल्यावर मी आधी एक काम केलं, जे पहिलेच करायला पाहिजे होतं. सगळ्यांना पलंगावर ओळीनं बसवलं, पसरून बसवलं, अन् यांना म्हटलं आता काढा फोटो, बघू पाठ भिंतीला लागते का. लागली नाही. आम्ही सगळे मावलो अन् यांच्या पाठीमागं अजून माणूस उभा राहील इतकी जागा उरली. मी स्वतः जाऊन त्या जागेत उभी राहिले, खात्री करायला. बाबा म्हणाले, "तोफेच्या कारखान्यात अशी चाचणी नाही झाली कधी."

आता हे लोकांच्या इतक्या जवळ उभे राहतात की एकदा एका मुंडनाच्या पोरानं यांचा पट्टाच धरून ठेवला, सोडेना. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं.

पण भीती गेली असं नाही. पाठ तर नदीकडेच असते. वरच्या बरगी धरणाचं पाणी सोडलं की पायऱ्या एकेक करून बुडतात अन् वर मागं न बघण्याची यांची सवय.

जावळाचा तो फोटो समोरच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती प्रेमानं बिलगून बसलेत सगळे, आजकाल असं कुठं दिसतं. सासूबाईंच्या मांडीवर चपलांची पिशवी आहे ती कुणाला दिसत नाही. मी सरळ कॅमेऱ्यात बघून राहिले असं म्हणतात. मी कॅमेऱ्यात नव्हते बघत, त्याच्या मागं बघत होते.

आज सकाळी हे लवकर गेले, कुणाची तरी कथा आहे. पोराचे केस पुन्हा कानावर आलेत. मी त्याला भरवता भरवता दोनदा फोन लावला. उचलून नाही राहिले. दोन्ही हात कॅमेऱ्याला असतील.